रात्री खाडीत रबरी आमिषावर जिताडा: ठोके बसतात, पण मासा लागत नाही

खारेपाटकर

नमस्कार मंडळी,

मी मूळचा अलिबाग तालुक्यातील खारेपाटातला असून नोकरीनिमित्त ठाण्यात राहतो. गेल्या वर्षी रॉड आणि रील घेतल्यापासून महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार साधून, मी गावी जातो आणि रात्री ८ ते ११ या वेळेत खाडीवर गरवतो, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरतो. पौर्णिमा निवडण्यामागे एवढाच विचार होता की चांदण्यात बांधावरून चालताना पाय घसरत नाही. माझी जागा म्हणजे खारबंदिस्तीच्या (खारे पाणी अडवणाऱ्या) बांधातील उघाडीचे, म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडणाऱ्या झडपेच्या दाराचे, तोंड. लहानपणी याच ठिकाणी पागाने (फेकजाळ्याने) काढलेले जिताडे मी पाहिले आहेत, त्यामुळे जागेविषयी मला शंका नाही.

साहित्य असे आहे: ७ फुटी मध्यम ताकदीचा रॉड, ३००० क्रमांकाचे रील, २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), तिच्या टोकाला ३० पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर (आमिषाजवळचा दोरीचा तुकडा), आणि १४ ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचे डोके असलेल्या गरीवर) लावलेला ४ इंची, चपट्या शेपटीचा रबरी मासा. आजवरच्या चार फेऱ्यांत पांढरा, मोतिया, पोपटी, गुलाबी शेपटीचा आणि अंधारात चमकणारा असे पाच रंग वापरून झाले. प्रत्येक वेळी टक, टक असे दोन-तीन ठोके बसतात, मी रॉड जोरात उचलतो आणि रबर रिकामे परत येते. दोन वेळा तर शेपटीच गायब होती. फेक पूर्ण झाली की मी हेडलॅम्पने पाण्यात डोकावून पाहतो, परंतु काही दिसत नाही.

मनाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. मी ११ वाजता सामान आवरतो, त्याच सुमारास गावातील एक वयस्कर काका हातदोरी आणि डब्यात जिवंत कोळंबी घेऊन बांधावर येतात, आणि सकाळी त्यांच्या ओटीवर जिताडा पडलेला असतो. विचारले तर "पाणी बघून यायचं रे" एवढेच बोलतात.

माझे प्रश्न तीन आहेत. रात्री कोणता रंग वापरावा? पाण्यात हिरवा एलईडी दिवा सोडून लहान मासे गोळा केले तर उपयोग होईल का? आणि शेवटचा प्रश्न जरा निराशेचा आहे: जिवंत कोळंबीसमोर रबराचा खरोखर टिकाव लागतो का?

उघाडीचा राखणदार

खारेपाटकर, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या काकांनी एका वाक्यात देऊन टाकले आहे. मी फक्त त्याचा हिशोब मांडून दाखवतो.

भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडील जुना आडाखा तिथीला पाऊणने गुणण्याचा आहे. पौर्णिमेची तिथी १५ धरली तर उत्तर सव्वाअकरा येते, म्हणजे त्या रात्री साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती. मुंबई-अलिबागच्या बाजूला प्रत्यक्ष पाणी या हिशोबापेक्षा बहुधा अर्धा-पाऊण तास उशिरा भरते, म्हणून अचूक वेळेसाठी छापील कोष्टक पाहावे. परंतु आपल्या प्रश्नापुरता आडाखा पुरेसा आहे. आपण ८ ते ११ या वेळेत गरवता, म्हणजे चारही फेऱ्यांत आपण संपूर्ण वेळ चढत्या पाण्यावर उभे होता आणि पाणी फिरायच्या आत घरी गेलात. काका मात्र पाणी फिरण्याच्या बेताने येतात.

आता उघाडीकडे पाहा. उघाडीची झडप खाडीच्या बाजूने टांगलेली असते. खाडीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने ती आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. खाडीची पातळी आतल्या पाण्याच्या खाली उतरली की आतल्या दाबाने तीच झडप उघडते, आणि शेतातले, तळ्यातले पाणी करंदी, कोळंबी, बोईची पिल्ले, निवट्या असे सगळे घेऊन धाडकन बाहेर पडते. जिताडा तेव्हा तोंडाशी येऊन उभा राहतो, कारण त्याला शोधत फिरावे लागत नाही. ताट समोर वाढून येते. आपण योग्य दुकानासमोर उभे आहात, परंतु दुकान बंद असताना.

झडप भरती संपल्याक्षणी उघडत नाही, हेही लक्षात ठेवावे. बाहेरचे पाणी आतल्या पातळीखाली जाण्यास दीड-दोन तास लागू शकतात. पौर्णिमेला म्हणूनच खरी वेळ रात्री एकच्या पुढे येते. ठाण्याहून येणाऱ्या माणसाला एवढे जागरण नको असेल तर दशमी किंवा एकादशी धरावी. दशमीला हिशोबाने साडेसातला भरती, म्हणजे नऊ-साडेनऊपासून मध्यरात्रीपर्यंत उतरते पाणी मिळते. त्या दिवसांत भांगाची (कमी चढ-उताराची) भरती असल्यामुळे ओढ कमी असते हे खरे, पण उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) खाडी जशी चिखलाने गढूळ होते तशी ती भांगाला होत नाही, आणि रबर वापरणाऱ्याला हा मोठा फायदा आहे. जिवंत कोळंबीला स्वतःचा वास असतो, ती गढूळ पाण्यातही सापडते. रबराला वास नाही. ते दिसावे तरी लागते किंवा त्याची थरथर तरी जाणवावी लागते.

एक पुस्ती जोडतो. पावसाळ्यानंतर, शेतातले पाणी निचरत असते त्या आश्विन-कार्तिकाच्या दिवसांत, उघाडी सर्वांत चांगली चालते. पुढे आत पाणीच उरले नाही की तिवरांतून खाडीला मिळणाऱ्या चिंचोळ्या ओहळांच्या तोंडाशी हाच प्रकार छोट्या प्रमाणात घडतो, तिथे उभे राहावे.

चोणकवेडा (गोवा)

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला. वेळेबद्दल त्यात मी काही भर घालू शकत नाही, कारण आमच्याकडे मांडवी-झुआरीत भरती-ओहोटीतील फरक तुमच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि पाण्याची ओढ त्या मानाने सौम्य असते. तुमचा जिताडा तो आमचा चोणक. मासा तोच असल्यामुळे ठोक्यांविषयी मात्र लिहितो.

ठोका बसल्यावर सर्वप्रथम रबर हातात घेऊन नीट पाहावे. पाण्याखाली काय झाले ते त्याच्यावर लिहिलेले असते. शेपटी अर्धचंद्राकार, कात्रीने कापावी तशी स्वच्छ तुटली असेल तर तो केंड (अंग फुगवणारा मासा) आहे. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि तो तुकडा काढूनच नेतो. अंगावर लांब, तिरकस चिरा असतील तर वाकटीचा संशय घ्यावा. चोणकाचे दात मात्र बारीक आणि दाट असतात. तो रबर कापत नाही, त्याने तोंडात घेतलेले रबर पॉलिश पेपरवर घासल्यासारखे खरखरीत आणि मळकट होते. तुमची शेपटी दोनदा गायब झाली, यावरून निदान ते ठोके तरी केंडाचे असावेत असे मला वाटते. पाच रंग बदलून तुम्ही केंडाचीच पंगत वाढलीत.

आता खरा चोणक आला असे धरू. तो आमिषावर दात मारत नाही. तोंड एकदम उघडतो आणि त्या पोकळीत पाण्यासकट आमिष ओढून घेतो. रात्री शांत पाण्यावर जो 'बुडूक' असा आवाज येतो तो याचाच. दोरी ताठ असेल आणि पुढे १४ ग्रॅमचे शिसे असेल तर रबर त्या पाण्याबरोबर तोंडात जात नाही, ओठाशी अडखळते, आणि तुमच्या हाताला फक्त 'टक' जाणवते. त्यावर तुम्ही रॉड जोरात उचलता, म्हणजे अर्धवट तोंडात गेलेले रबर स्वतःच काढून घेता. भांगाच्या पाण्यात, उघाडीसारख्या उथळ जागी, ५ ते ७ ग्रॅमचे जिगहेड पुरते. धार मोठी असेल तरच १० पर्यंत जावे. रबर ३ इंची घ्यावे आणि गरीचे टोक त्याच्या पाठीतून निम्म्याच्या थोडे पुढे बाहेर येईल असे पाहावे, म्हणजे मागून आलेल्या माशाला गरी सापडते आणि शेपटीही मोकळी हलते.

फेक धारेच्या वरच्या अंगाला, तिरकी टाकावी आणि रबर धारेबरोबर वाहत खाली येऊ द्यावे. रील केवळ सुटलेली दोरी गोळा करण्यापुरते, इतके हळू फिरवावे की शेपटीची धडधड जेमतेम बोटाला कळेल. दिवसा रबर नाचवले तर चालते, कारण मासा पाहून त्याच्यामागे वळू शकतो. रात्री तो आपल्या अंगावरच्या संवेदी रेषेने पाण्यातील थरथर ओळखून नेम धरतो, आणि क्षणाक्षणाला उड्या मारणाऱ्या वस्तूवर त्याचा नेम चुकतो. ठोका बसला तरी हात हलवू नये. वजन जाणवेपर्यंत, म्हणजे मनात 'एक' म्हणेपर्यंत थांबावे आणि मग रॉड फक्त बाजूला ओढून दोरी ताठ करावी. हे एक अक्षर उच्चारण्याइतके थांबणे शिकायला मला दोन वर्षे लागली.

धक्क्यावर किंवा पुलावर दिवा असेल तर उजेडात फेकू नये. मासा काळोखात, सावलीच्या कडेला तोंड लावून उभा असतो आणि उजेडातले भक्ष्य पाहत असतो. रबर उजेडातून निघून काळोखात शिरेल अशी दिशा ठेवावी. बहुतेक चोणक मला त्या कडेच्या हातभर आत लागले आहेत.

रंगाचे म्हणाल तर माझ्या पेटीत रात्रीसाठी एकच रंग आहे, काळा. मासा खालून वर पाहतो, आणि चांदण्याच्या पार्श्वभूमीवर काळ्या आकृतीइतके ठळक काहीच दिसत नाही.

पेणचा परदेशी (क्वीन्सलँड)

मी पेणचा, गेली बारा वर्षे ऑस्ट्रेलियात आहे. इथे या माशाला बारामुंडी म्हणतात आणि त्याच्यासाठी रबरी आमिषांची अख्खी भिंत भरलेली दुकाने आहेत. आमच्या पेणकडे हाच मासा साहेबांच्या घरी पोचवून अडलेली कामे करून घेतल्याचे किस्से ऐकत मी वाढलो, त्यामुळे त्याच्यावर एवढा व्यापार चालतो हे पाहून सुरुवातीला गंमत वाटे.

चोणकवेडा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, फक्त काळ्या रंगाबाबत थोडी पुरवणी जोडतो. मासा वरच्या थरात असेल आणि आकाशात काही उजेड असेल तर काळा उत्तम. अमावास्येच्या गढूळ पाण्यात, तळाजवळ, मला चमकणारे रबर अधिक उपयोगी पडले आहे. मात्र ते हेडलॅम्पखाली पूर्ण भरून, हिरव्या बल्बसारखे पेटवून टाकू नये. एकदा प्रकाश दाखवून मिनिटभर खिशात ठेवावे आणि मंदावल्यावर फेकावे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पाण्यात जी निळसर ठिणगी दिसते, त्या नॉक्टिल्युकाच्या (चमकणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) रात्री तर कोणताच रंग नको. दोरी पाण्यात शिरते तिथपासून रबरापर्यंत सगळीकडे उजेडाची रेघ उमटते, आणि माझ्या अनुभवात अशा रात्री मासा जवळ येऊन वळून जातो.

साठवणीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. बहुतेक रबरी मासे मऊ केलेल्या पीव्हीसीचे असतात, तर काही फार ताणले जाणारे, चिवट प्रकार वेगळ्या इलास्टोमरचे असतात. हे दोन प्रकार एका डब्यात ठेवले की एकमेकांत विरघळतात. माझ्या एका डब्याची उन्हाळ्यात अशी रंगीत खळ झाली होती की ती उचटण्यासाठी सुरी लागली, आणि डब्याचा तळही चिकट होऊन वाकला. प्रत्येक प्रकार त्याच्या मूळ पिशवीतच ठेवावा. केंडाचा त्रास असलेल्या जागी चिवट प्रकार जास्त टिकतो, हे त्याचे सुख. आणि तुटलेले तुकडे खाडीत टाकू नयेत, ते कुजत नाहीत.

शेवटी एक गोष्ट, जी आपल्याकडे क्वचित बोलली जाते. जिताडा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, आकार वाढल्यावर, मादी होतो. म्हणजे ओटीवर फोटो काढण्याजोगा मोठा जिताडा ही बहुधा अंडी घालणारी मादी असते. इथे पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही, आणि १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी या काळात तो धरण्यासच बंदी असते. रबराच्या एकेरी गरीवर लागलेला मासा बहुधा ओठाच्या कोपऱ्यातच अडकतो, त्यामुळे तो सोडणेही सोपे जाते. जिवंत कोळंबी तो गिळून बसतो. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

दर्याकिनारी

दिव्याच्या प्रश्नाला सर्वांनी बगल दिली आहे, म्हणून लिहितो. पाण्यात एलईडी सोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा. एलईडीच्या प्रकाशातील मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आणि राज्याच्या २०२१ च्या सुधारित कायद्यातही तिच्यासाठी जबर दंड आहे. तो रोख मुख्यतः समुद्रातील मोठ्या नौकांवर असला, तरी या दिव्यांनी आमच्या लहान मच्छीमारांचे किती नुकसान केले आहे हे प्रत्येक कोळीवाड्याला ठाऊक आहे. रात्री खाडीत हिरवा उजेड दिसला तर बांधावर कोण उभा आहे हे विचारायला माणसे शांतपणे येतील अशी खात्री मी देणार नाही.

हेडलॅम्पही पाण्यावर मारू नये. जिताड्याच्या डोळ्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, म्हणूनच टॉर्चमध्ये त्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल दिसतो. असा डोळा अंधारासाठीच बनलेला आहे, त्यावर झोत मारून आपण त्याला पळवून लावतो. शिवाय आपल्या स्वतःच्या डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढरा झोत ती कमाई एका क्षणात घालवतो. गाठ मारायला लाल प्रकाशाचा दिवा, तोही पाठ फिरवून, पुरेसा आहे.

अंधारात काहीही लागले तरी दोरी धरून थेट हात घालू नये. तुमच्या जागी शिंगाळा नक्की लागेल, आणि त्याच्या पाठीवरचा व दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, उष्णतेने ते विष निकामी होते, आणि नंतर डॉक्टरांना दाखवावे. हा धागा वाचणारे कोणी महाडकडे सावित्रीवर किंवा चिपळूणला वाशिष्ठीवर जात असतील, तर त्यांनी रात्री पाण्याच्या कडेला उभेच राहू नये. तिथे मगरी आहेत.

चोणकवेडा (गोवा)

शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन. कुंभारजुव्याच्या कालव्यावर मी दिवसाही दोन वाव मागे उभा राहतो.

खारेपाटकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उशिरा लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबायचे ठरवले होते.

या वेळी एकादशी धरून गेलो. सव्वाआठ अधिक पाऊण तास असा हिशोब करून नऊला बांधावर पोचलो, तर पाणी अगदी थबकलेले होते. दिवा बंद करून नुसता बसून राहिलो. साधारण साडेदहाला उघाडीतून आधी एक कुरकुर ऐकू आली, मग झडपेची फळी दगडावर दोनदा आपटली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. इतक्या वर्षांत हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, कारण तो होईपर्यंत मी घरी जेवायला बसलेला असे.

काळे ३ इंची रबर, ७ ग्रॅमचे जिगहेड. पहिल्या ठोक्याला सवयीने रॉड उचलला आणि रबर परत आले. बोट फिरवून पाहिले तर अंगठ्याएवढी जागा खरखरीत झाली होती. केंड नव्हता तो. पुढचे चार-पाच ठोके हात मांडीला टेकवून सोसले, आणि मग एका वेळी ठोकाच बसला नाही, फक्त दोरी जड झाली, जणू कोणी पलीकडून ओले पोते धरले आहे. बाजूला ओढले तेव्हा मासा दोनदा पूर्ण पाण्याबाहेर आला. काठावर मोजला तर ५५ सेंटिमीटर भरला. गरी ओठाच्या कोपऱ्यात, अगदी वर लिहिल्याप्रमाणे. पहिलाच असल्यामुळे सोडण्याचा मोठेपणा माझ्याच्याने झाला नाही. रविवारी आईने त्याचे कालवण केले.

परत निघताना काका भेटले. त्यांनी रबर हातात घेतले, नाकाशी नेले, शेपटी दोनदा हलवून पाहिली आणि "ह्याला वास नाय तो नाय, पण मरत तरी नाय" म्हणून माझ्या हातात परत दिले.

एक शंका उरली आहे. मासा काठावर घेतल्यावर पाहिले तर लीडर शेवटच्या दीड वितीत काचेने तासल्यासारखा झाला होता, आणि एका ठिकाणी तो निम्माच शिल्लक होता. ४० पौंडी घ्यावा की ३० पौंडीच लांब ठेवावा?

उघाडीचा राखणदार

४० पौंडी घ्यावा. लीडर ओठाने घासला जातो, परंतु कापला जातो तो कल्ल्याच्या झाकणाच्या धारदार कडेने. प्रत्येक माशानंतर, आणि रबर दगडाला घासून आले तरीही, खालचा वीतभर लीडर बोटांत धरून चाचपावा आणि खरखर लागली तर कापून गाठ नव्याने मारावी. पुढची दशमी वद्य पक्षातली आहे, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवेल. बांधावर जपून चालावे.